गराजच्या काँक्रीटला टिकाऊ रंग कोणता?

पळसफूल | ७ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. घर १९७६ सालचं आहे. घराला लागून दोन गाड्यांचं गराज, वीस बाय वीस फूट, खाली काँक्रीट. आधीच्या मालकांनी त्याला करडा रंग दिला होता. घर बघायला आलो तेव्हा कसं चकचकीत दिसत होतं! पहिल्याच उन्हाळ्यात चाकं टेकतात तिथले पोपडे निघायला लागले, तेही टायरला चिकटून. गेल्या वर्षी मी दुकानातून गराजच्या फरशीचा म्हणून मिळतो तो डबा आणला, घासून-धुऊन दोन हात मारले. मार्चमध्ये बर्फ गेलं आणि बघते तर तेच चार चट्टे, उलट आणखी मोठे.

दर वर्षी गणपतीची आरास आम्ही गराजमध्येच करतो. महाप्रसादाला पन्नास-साठ माणसं तिथेच जेवायला बसतात. शिवाय ऑगस्टमध्ये सासूबाई येताहेत, त्यामुळे फार गुळगुळीतही नको. गणपतीच्या आधी हे काम एकदाच आणि नीट करायचं आहे. कोणता रंग घेऊ?

---

जर्सीकर | ७ जून, रात्री १०:४०

इपॉक्सी. दोन डब्यांचं मिळतं ते, एकात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर. आमच्याकडे सहा वर्षं झाली, एक टवका नाही. शनिवारी सकाळी सुरू केलं, दुपारी संपलं.

---

ओसरी | ८ जून, सकाळी ८:०५

रंगाच्या भानगडीत पडूच नका. पुण्यात आम्ही पार्किंगला चेकर्ड टाइल्स बसवल्या, वीस वर्षं झाली. पावसात घसरत नाही, तेल सांडलं तर धुऊन टाकायचं.

---

जर्सीकर | ८ जून, सकाळी ८:३०

@ओसरी, तिकडे हिवाळ्यात पाणी गोठतं. टाइलखाली पाणी शिरून गोठलं की टाइल उचलली जाते. शिवाय सगळ्या गराजची पातळी वर येईल आणि दाराखालचा रबर बसणार नाही.

---

नाशिकचा_रंगारी | ८ जून, रात्री ९:१५

ताई, कोणता रंग हे मी शेवटी सांगेन. आधी एक काम करा. निघालेला मोठासा पोपडा हातात घ्या आणि उलटा करून बघा.

गेली अठरा वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फ्लोअरिंगची कामं करतोय. तक्रार आली की मी पहिल्यांदा पोपड्याची पाठ बघतो. पाठीला करडी सिमेंटची भुकटी असेल तर रंगाने आपलं काम केलंय, खालच्या काँक्रीटची वरची साय कच्ची होती, ती रंगाबरोबर उचलून आली. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर रंगाला पकडच मिळालेली नाही. पाठीवर पांढरा खार असेल, किंवा पोपड्याखालची जागा गडद आणि थंड लागत असेल, तर खालून ओल येतेय.

साय म्हणजे काय ते सांगतो. काँक्रीट ओतल्यावर गवंडी रंध्याने, थापीने घोटतो. जितकं जास्त घोटाल तितकं पाणी आणि बारीक सिमेंट वर येतं. आपल्याकडे कोब्यावर वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटतात, तशी चकाकी येते. पायाखाली छान वाटतं, पण रंगासाठी ती साय म्हणजे शत्रू. खरा मजबूत भाग तिच्या खाली असतो. त्यामुळे टिकाऊपणा डब्यात शोधू नका. आमच्या कामात दहातले सात तास जमिनीच्या तयारीत जातात आणि रंग तीन तासांत होतो.

---

भरती_ओहोटी | ८ जून, रात्री ११:२०

रंगारीदादांना पूर्ण अनुमोदन. आमचं घर रत्नागिरीजवळ, उताराच्या पायथ्याशी. गाडीच्या शेडमध्ये मोठ्या हौसेने एप्रिलमध्ये इपॉक्सी करून घेतलं. आरशासारखं झालं होतं. जुलैत फोड आले, पुरीसारखे टम्म. एक टाचणीने फोडला तर आतून पाणी! जांभ्यातून झिरपणारं डोंगराचं पाणी वर यायला बघत होतं आणि आम्ही वरून झाकण लावलं होतं. ठेकेदार सज्जन होता, त्याने पुन्हा करून दिलं. पुढच्या पावसात पुन्हा फोड. शेवटी सगळं खरवडून काढलं. आता उघडा कोबा आहे आणि आम्ही सुखी आहोत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खालून ओल असेल तर जगातला कुठलाही रंग देऊ नका.

---

पळसफूल | ९ जून, सकाळी ७:५०

रंगारीदादा, आत्ता चहाच्या आधी खाली जाऊन चार-पाच पोपडे उलटून आले. चाकांखालच्या पोपड्यांची पाठ अगदी गुळगुळीत आहे, नखाच्या आतल्या बाजूसारखी. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पोपड्याला मात्र पांढरी पूड लागली आहे. जिभेला लावून बघितली नाही, पण मिठासारखी दिसते. दोन जागी दोन वेगळी कारणं असू शकतात का?

---

नाशिकचा_रंगारी | ९ जून, सकाळी ९:१०

असू शकतात, बहुतेक वेळा असतातच. फार चांगलं निरीक्षण केलंत.

आता प्लास्टिकची चाचणी करा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक जाड प्लास्टिक घ्या आणि चारी कडा टेपने घट्ट बंद करून जमिनीला चिकटवा. किमान १६ तास ठेवा, मी तर दोन दिवस ठेवतो. उत्तरेचा कोपरा, मधला भाग आणि दाराजवळ अशा तीन ठिकाणी लावा. खरी चाचणी उघड्या काँक्रीटवरच होते, म्हणून त्या जागांवरचा रंग आधी काढून घ्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ, थंड फरशीवर जमलेली. पहिल्या ओलीचा इलाज करावा लागतो. दुसरीसाठी फक्त योग्य दिवस निवडायचा.

---

रसायनशाळा | ९ जून, दुपारी १:३०

थांबा! रंग खरवडण्याआधी एक महत्त्वाचं. घर १९७६ चं आहे म्हणालात. अमेरिकेत घरगुती रंगांत शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. सगळ्यात खालचा थर त्याआधीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की धूळ हवेत जाते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वात जास्त. आधी शिशाची चाचणी करा. शिसं निघालं तर घासायला हातसुद्धा लावू नका, प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्या.

शिसं नसलं तरी काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. काँक्रीट घासायच्या ग्राइंडरला (फिरत्या चकतीच्या यंत्राला) धूळ ओढणारी टोपी आणि व्हॅक्यूम हवाच. तोंडाला रुमाल पुरत नाही, धुळीचा खरा मास्क लावा.

आता चाकांखालच्या पोपड्यांबद्दल. मी ठाण्याला रंगांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे. हायवेवरून आलेल्या गाडीचे टायर गरम असतात. ती उष्णता रंगाला मऊ करते. टायरच्या रबरातले तेलकट घटक रंगात उतरतात आणि तो आणखी नरम होतो. मग टायर गार होताना आकसतो आणि खालच्या रंगाला घट्ट धरून ओढतो. पकड कच्ची असेल तर रंग टायरबरोबर येतो. तुमच्या पोपड्याची पाठ गुळगुळीत आहे, म्हणजे अगदी हेच झालेलं दिसतं.

एकाच डब्यातून येणारा 'इपॉक्सी' लिहिलेला रंग बहुतेक वेळा मुळात ॲक्रिलिक असतो, त्यात इपॉक्सीचा थोडा अंश. तो वाळतो. दोन डब्यांतला माल वाळत नाही, रासायनिक क्रिया होऊन घट्ट जमतो. गरम टायरखाली या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

---

दोन_चाकी | ९ जून, दुपारी ३:००

वाचनखूण साठवली. एका पोपड्यावरून एवढी कुंडली निघते हे माहीत नव्हतं!

---

जर्सीकर | ९ जून, संध्याकाळी ६:४५

शिशाचं अगदी योग्य सांगितलंत. तयारीबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. मी ग्राइंडर वापरला नाही. म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड चार भाग पाण्यात एक भाग मिसळून ओतलं, फेस आला, ब्रशने घासलं, धुतलं. सहा वर्षं टिकलंय. भाड्याचा ग्राइंडर आणून घर धुळीने भरण्यापेक्षा हे सोपं नाही का?

---

नाशिकचा_रंगारी | ९ जून, रात्री १०:०५

@जर्सीकर, तुमची जमीन उघडी आणि कोरी होती, म्हणून जमलं. पळसफूलताईंच्या जमिनीवर जुन्या रंगाचे थर आहेत. ॲसिडला सिमेंट खायला मिळालं तरच ते काम करतं. रंगावरून आणि तेलाच्या डागावरून ते नुसतं वाहून जातं. शिवाय जिथे ओलीची शंका आहे तिथे आपणच बादल्यांनी पाणी ओतायचं, हे मला पटत नाही.

तरी कुणी वापरणारच असेल तर ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. दारं सताड उघडी, हातमोजे, चष्मा. गराजमधली हत्यारं, सायकली बाहेर काढा, त्या वाफेने लोखंडाला रातोरात गंज चढतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ॲसिड मारून भरपूर धुवा.

झालेली तयारी ओळखायची सोपी खूण: जमिनीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर जमीन तयार नाही. लगेच पसरून मुरले तर तयार. हात फिरवला की मध्यम पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे.

---

सरोवराकाठी | १० जून, सकाळी ६:३०

मीही मिशिगनचाच. आपल्याकडे तिसरा शत्रू आहे, त्याचा उल्लेख अजून झाला नाही: रस्त्यावरचं मीठ. हिवाळ्यात गाडीखाली बर्फाचा चिखल चिकटतो, तो गराजमध्ये वितळतो आणि मिठाचं पाणी चाकांभोवती साचतं. उघड्या काँक्रीटमध्ये ते मुरतं, गोठतं, वितळतं आणि वरचा थर फोडत जातं. म्हणून भरतीताईंचा 'उघडंच ठेवा' हा सल्ला रत्नागिरीला योग्य असला तरी इथे उघडं ठेवलं तर काँक्रीटच जाईल. रंग नसेल द्यायचा तर निदान मुरणारा सीलर द्या, सिलेन-सिलॉक्सेनवाला. तो वर थर करत नाही, पाणी-मीठ आत जाऊ देत नाही आणि खालच्या वाफेला वर यायला वाट ठेवतो. पोपडे निघायचा प्रश्नच नाही. पण तो कोऱ्या काँक्रीटवरच मुरतो, म्हणजे जुना रंग काढणं कुणालाच चुकत नाही.

अवांतर: डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खाली, मिठाची मोठी खाण आहे. १९१० मध्ये सुरू झाली, मधे काही वर्षं बंद होती, आणि तिथलं मीठ रस्त्यांवर टाकतात. आपल्या गाड्या त्या खाणीतलंच मीठ घरी घेऊन येतात.

---

भरती_ओहोटी | १० जून, सकाळी १०:१५

@सरोवराकाठी, पटलं. आमच्याकडे गोठण्याचा विषयच नाही, म्हणून डोक्यात आलं नाही. पण ओलीचं म्हणणं सोडत नाही.

---

अंगणातली_रांगोळी | १० जून, दुपारी १२:००

एक वेगळाच प्रश्न. गणपतीत तिथे रांगोळी काढायची असेल ना? आमच्या सोसायटीच्या पार्किंगला चकचकीत इपॉक्सी केलं आणि रांगोळी बसेचना. चिमटीतून सोडली की पंख्याच्या वाऱ्याने सरकते, रेघ जाड होते. पूर्वी कोब्यावर कशी सुरेख धरायची.

---

रसायनशाळा | १० जून, दुपारी १२:४०

@अंगणातली_रांगोळी, याचं उत्तर आणि सासूबाई घसरू नयेत याचं उत्तर एकच आहे. शेवटच्या हातात ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळा, किंवा ओल्या थरावर क्वार्ट्झची वाळू पेरा. पृष्ठभाग खरखरीत होतो. पूड बारीकच घ्या, भरड घेतली तर फडकं अडकतं आणि अनवाणी पायाला टोचतं. जेवायला खाली बसणार असाल तर हे महत्त्वाचं.

---

पळसफूल | २१ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण सांगितलेलं एकेक करत होते.

शिशासाठी सगळ्या थरांचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. शिसं नाही! त्या दिवशी खरंच हायसं वाटलं, धाकटा तिथेच रांगतो.

प्लास्टिक तीन ठिकाणी लावलं. मध्यभाग आणि दाराजवळचा भाग कोरडा. उत्तरेच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खालून इतके थेंब की बोटाने रेघ ओढता आली. तिथेच गुडघे टेकून बसले आणि डोळ्यासमोर आलं की या भिंतीच्या पलीकडे छपराच्या पन्हाळीचा नळ उतरतो. बाहेर जाऊन पाहिलं. नळाचा खालचा तुकडा निखळलेला, सगळ्या छपराचं पाणी पायाशीच पडतंय आणि माती भिंतीकडे उतरलेली! तीन वर्षं मी रंगाला दोष देत होते.

नवऱ्याने आठ फुटांचा पाइप जोडून पाणी लांब सोडलंय आणि मातीचा उतार उलटा केलाय. आता वाट बघणार. पुढचं सांगाल का?

---

भरती_ओहोटी | २१ जून, रात्री १०:००

शाबास! आमच्या डोंगराला असा पाइप जोडता आला असता तर किती बरं झालं असतं.

---

नाशिकचा_रंगारी | २२ जून, सकाळी ८:४०

उत्तम. तीन-चार आठवडे जाऊ द्या, मधे दोन चांगले पाऊस होऊ द्या आणि त्याच कोपऱ्यात चाचणी पुन्हा करा. ती कोरडी आली तरच पुढे जायचं. नाही आली तर मुरणाऱ्या सीलरवर थांबायचं, हट्ट करायचा नाही.

कोरडी आली तर डायमंड कप लावलेल्या ग्राइंडरने सगळा रंग आणि साय काढा. भेगा भरा, पण गवंड्याने मुद्दाम सोडलेले सरळ काप कडक मालाने भरू नका. थंडी-उन्हात काँक्रीट तिथेच हलतं. तिथे लवचिक माल हवा.

आता रंग: दोन डब्यांचं इपॉक्सीच घ्या, पण '१००% सॉलिड्स'चं, म्हणजे पाणी किंवा थिनर नसलेला माल. तो जेवढा ओतता तेवढाच जमिनीवर राहतो. एक गॅलन १० मिल जाडीत (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) १६० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे तुमच्या ४०० फुटांना एका हाताला अडीच गॅलन. भिंतीच्या रंगाचा एक हात वाळल्यावर दीड-दोन मिलच उरतो, यावरून जाडीचा अंदाज करा.

आणि मिसळलेला माल बादलीत ठेवू नका. राळ आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते, बादलीत ती कोंडते, मग धूर येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत दगड. माझ्या पहिल्या कामात एक अख्खी बादली अशी गेली, पकडायला गेलो तर हाताला चटका. मिसळला की लगेच जमिनीवर पट्ट्यात ओता, तिथे तो पसरलेला असतो म्हणून जास्त वेळ देतो. एकाने ओतायचं, एकाने ओढून पसरायचं, एकाने रोलर फिरवायचा. एकट्याचं काम नाही.

---

रसायनशाळा | २२ जून, सकाळी ११:२०

दिवस निवडताना फरशीचं तापमान बघा, हवेचं नाही. ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते, त्यापेक्षा फरशी निदान ३ अंश सेल्सिअस गरम हवी. नाहीतर वर मेणचट थर येतो आणि पुढचा हात त्यावर धरत नाही. दोन हातांत चोवीस तासांपेक्षा जास्त अंतर पडलं तर मधे पॉलिश पेपर मारा.

इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. दार उघडं राहून ऊन येत असेल तर वरचा हात पॉलियास्पार्टिकचा किंवा पॉलियुरेथेनचा द्या. आणि गाडी आत घ्यायची घाई नको. दुसऱ्या दिवशी चालता येतं, गाडीसाठी पूर्ण सात दिवस.

---

जर्सीकर | २२ जून, दुपारी १:००

गराजमध्ये गॅसवरचा पाणी तापवायचा बंब असेल तर ज्वालाग्राही थिनर किंवा वासाचा माल वापरताना त्याची ज्योत बंद करा. माझ्या शेजाऱ्यांकडे थोडक्यात वाचलं.

---

पळसफूल | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

झालं! जुलैअखेर कोपऱ्याची चाचणी कोरडी आली, खात्रीसाठी आणखी एकदा केली, तीही कोरडी. ग्राइंडिंगला दोन पूर्ण दिवस गेले. खालचं काँक्रीट उघडं झालं तेव्हा त्यात नदीतले गोटे दिसले, तपकिरी, गुलाबी, एक अगदी हिरवट. हे सगळं आपण झाकणार म्हणून क्षणभर वाईटच वाटलं. इपॉक्सीचे दोन हात, त्यावर पॉलियास्पार्टिकमध्ये बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड. मी ओतत गेले, नवरा ओढत गेला, भाऊ रोलर घेऊन मागे. एका हाताला अडीच गॅलनचा हिशोब अगदी बरोबर आला. सासूबाईंनी अनवाणी चालून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्या जुन्या अंगणासारखं लागतंय."

---

अंगणातली_रांगोळी | २० ऑगस्ट, सकाळी ७:१५

रांगोळीचा फोटो टाकायला विसरू नका.

---

पळसफूल | ११ एप्रिल, सकाळी ९:२०

फोटो तेव्हाच टाकला होता, आता हिवाळ्यानंतरची खबर. काल गराज धुतलं. चाकांखाली एकही पोपडा नाही. उत्तरेचा कोपरा कोरडा. मिठाचे पांढरे वळ नुसत्या पाण्याने गेले.

एकाच ठिकाणी केसाएवढी चीर आहे, मधल्या कापावर. तिथला लवचिक माल संपला म्हणून दीडेक फूट आम्ही इपॉक्सीनेच भरलं होतं. नेमकं तेवढंच फुटलंय. रंगारीदादा, तेवढा भाग कापून पुन्हा भरता येईल का?

---

नाशिकचा_रंगारी | ११ एप्रिल, रात्री ८:५०

येईल. पातळ डायमंड चकतीने कापाच्या रेषेवरून इपॉक्सी पूर्ण खोलीपर्यंत काढा, व्हॅक्यूमने धूळ ओढा, तळाशी फोमची दोरी दाबा आणि वर पॉलियुरेथेनचा लवचिक माल भरा. दोन्ही बाजूंना टेप लावून भरलंत तर कड सरळ येईल. टेप माल ओला असतानाच काढा.